नदीनं ओलांडलेलं गाव

फ्रान्सच्या दक्षिणेला, चुनखडीच्या डोंगरांच्या बेचक्यात ग्राव्हेल नावाचं एक लहानसं गाव आहे. दगडी भिंतींची थोडी घरं, बुटक्या मनोऱ्याचं एक चर्च, उतारावर द्राक्षमळे आणि ओरेत नावाची नदी. ही नदी उत्तरेकडून सुतात आखल्यासारखी सरळ येते. गावाच्या वेशीशी मात्र ती एकाएकी मावळतीला वळते, गावाच्या पाठीमागून पडक्या गढीच्या टेकडीला घासत जाते आणि गाव संपलं की पुन्हा आपल्या मूळ रेषेला लागते. गावाच्या उगवतीला नदीच्याच रुंदीची एक लांबलचक हिरवी खळगी आहे. तिच्यात पाण्याचा थेंब नाही. अक्रोडाची झाडं आहेत, आणि त्यांच्या सावलीत रविवारी म्हातारी माणसं लोखंडी गोळे टाकण्याचा खेळ खेळतात.

नवा माणूस पुलावर उभा राहिला की त्याला हटकून प्रश्न पडतो : समोर सरळ उतार असताना ही नदी अशी कोपर दुमडून का गेली?

उत्तर द्यायला फेलिसियँबाबा असतात. सारा जन्म त्यांनी रस्त्यांच्या डागडुजीत घालवला. आता चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला असते. पाहुणे दिसले की ते काठी टेकत येतात आणि पुलाच्या कठड्याला पाठ लावून उभे राहतात.

“ओरेत आपण होऊन वळलेली नाही,” ते म्हणतात. “तिला वळवलंय. कोणी, ते ऐका, मग खुशाल फोटो काढा.”

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा म्हणे ओरेत त्या हिरव्या खळगीतूनच वाहत असे. म्हणजे मावळतीला टेकडीवर बॅरनची गढी, उगवतीला नदी आणि मधे ग्राव्हेल. बॅरनच्या आज्याचं एकदा बिशपशी हद्दीवरून मोठं भांडण झालं होतं. ते मिटलं तेव्हा आज्यानं गावच्या चर्चमध्ये संत व्हेरेनच्या अस्थींवर उजवा हात ठेवून शपथ घेतली : “ओरेतच्या मावळतीचं ते माझं, उगवतीचं ते देवाचं. ओरेत जिथून वाहील ती हद्द. माझ्या वंशातला कोणी ती ओलांडून हक्क सांगायला गेला, तर त्याचा हा हात वाळून जावो.” दर वर्षी संताच्या सणाला पाद्री ही शपथ मोठ्यानं म्हणत. सगळ्या गावाला ती पाठ होती.

नदीपलीकडची माणसं मोकळी होती. अलीकडची बॅरनची. त्यांनी त्याची शेतं नांगरायची, त्याच्या भट्टीत पाव भाजायचे, तो सांगेल तेव्हा वेठीला जायचं. आणि मेल्यावरही सुटका नव्हती. तिथे एक चाल होती, तिला ‘मेलेला हात’ म्हणत. घरातला कर्ता मेला की गोठ्यातलं उत्तम जनावर गढीवर जायचं. जनावर नसेल तर मेलेल्याचा उजवा हात मनगटापासून तोडून न्यायचा. मेल्यावरही हा आमचाच, याची ती खूण. कित्येक पिढ्यांत तशी वेळ आली नव्हती, कारण लोक उपाशी राहायचे पण दावणीला एखादी शेळी तरी बांधून ठेवायचे.

जोसरां नावाड्याच्या दावणीला शेळीही उरली नव्हती. तो आणि त्याची बायको पेर्नेल गढीची नाव चालवत, माणसं आणि धान्य नदीपार नेत. सुगी संपता संपता जोसरांला ताप भरला आणि आठवड्याच्या आत तो गेला. पेर्नेलनं त्याला धुतलं, धुवट सदरा घातला, आणि ती त्याच्या उशाशी बसली. तेवढ्यात दारात कारभारी गोंत्रां येऊन उभा राहिला. त्याच्या मागे गढीचा लाकूडतोड्या होता, कुऱ्हाड घेतलेला.

“गोठा बघितला,” कारभारी म्हणाला. “रिकामा आहे.”

“शेळी उन्हाळ्यात मेली. तुम्हाला ठाऊक आहे.”

“मग काय द्यायचं ते तुलाही ठाऊक आहे, बाई.”

पेर्नेलनं जोसरांच्या हाताकडे पाहिलं. वल्ह्यानं घट्टे पडलेला, बोटं अजून किंचित आत वळलेली. वीस वर्षं तिनं तो हात पाहिला होता, पण इतका नीट कधी पाहिला नव्हता. ती रडली नाही, भांडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, “आजची रात्र माणूस अख्खा राहू द्या घरात. उद्या सकाळी या.”

गोंत्रां काही राक्षस नव्हता, असं फेलिसियँबाबा आवर्जून सांगतात. हुकमाचा ताबेदार होता. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला.

पहाट फुटली तेव्हा ओरेतवर दाट धुकं होतं. पेर्नेलनं नवऱ्याला चादरीत गुंडाळलं, उंबऱ्यावरून ओढत बाहेर काढलं आणि नावेत घातलं. कसं उचललं हे तिचं तिलाच ठाऊक. पलीकडच्या काठावर उतरून तिनं एकटीनं खड्डा खणला. धुकं विरलं तेव्हा अलीकडच्या काठावर पाद्री ओदों येऊन उभे होते. त्यांच्याजवळ नाव नव्हती, आणि माणूस प्रार्थनेवाचून जाऊ देणं त्यांच्यानं होईना. त्यांनी काठावरूनच, घसा ताणून, पाण्यावरून पलीकडे जाईल अशा आवाजात सगळ्या प्रार्थना म्हटल्या. घराघरांतून माणसं बाहेर आली आणि टोप्या काढून उभी राहिली.

कारभारी धावत आला. “पेर्नेल! इकडे ये!”

“येते,” पलीकडून तिचा आवाज आला. “पण तो येणार नाही.”

ती खरोखरच परत आली. पळून जायचं तर तिथेच मोकळी होती. पण तिचं घर इथे, माणसं इथे. बॅरन एमेरी हा तरुण, तापट माणूस. त्याच्या पंजातून एक मेलेला नावाडी निसटला, हे त्याला जिवंत माणूस निसटण्यापेक्षा जास्त झोंबलं. पुन्हा कोणी मुडदा पलीकडे नेऊ नये म्हणून त्यानं नाव काठावर ओढून फोडायला लावली. आणि पेर्नेलला हिवाळाभर वेठीला धाडलं, तळं खणायला.

त्या तळ्याचं असं होतं. ईस्टरच्या आधीच्या उपासांत मांस चालत नाही, मासे चालतात. बॅरनला आपल्या पानात ताजे कार्प हवे होते. गढीच्या टेकडीखाली, गावाच्या पाठीमागे, एक दलदलीची सखल पट्टी होती. तिथे तळं करायचं, वरच्या अंगानं ओरेतचं पाणी कालव्यानं आत घ्यायचं, आणि मासे धरायच्या वेळी तळं उपसता यावं म्हणून खालच्या अंगाला दुसरा कालवा काढून ते पाणी पुन्हा नदीत सोडायचं. साऱ्या गावाला हुकूम झाला : कुदळी, फावडी, टोपल्या घेऊन हजर व्हा.

पेर्नेल चिखलात उभी राहून खणत होती. डोक्यात जोसरां होता. पलीकडच्या काठावर, आता नावेवाचून जिथे जाता येत नाही तिथे. खणता खणता तिनं एकदा पाठ ताठ केली आणि वर पाहिलं. वरच्या अंगाला ओरेत, इथे चर, खालच्या अंगाला पुन्हा ओरेत. एका बाजूला गढी, दुसऱ्या बाजूला गाव. ती तशीच उभी राहिली, इतका वेळ की शेजारचीनं विचारलं, “बरं वाटत नाही का गं?”

संत व्हेरेनच्या सणाला ओदोंनी नेहमीसारखी शपथ म्हटली. माणसं चर्चच्या ओसरीत आली तेव्हा पेर्नेल वाट अडवून उभी राहिली.

“बाबा, ते पुन्हा एकदा म्हणा. हद्दीचं.”

“ओरेत जिथून वाहील ती हद्द.”

“वाहते असं नाही ना? वाहील?”

ओदों तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. “पेर्नेल, ही शपथेशी लबाडी होईल.”

“बाबा, नद्या वळतात हे शपथ ऐकताना देवाला ठाऊक नव्हतं का?”

मातेलिन नावाचा एक म्हातारा द्राक्षमळेवाला होता, गावातला सगळ्यांत हट्टी माणूस. तो पुढे झाला. खालचा कालवा नदीइतका रुंद केला तर तो त्याच्याच मळ्याच्या मधोमध जाणार होता, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

“वेडी झालीस तू,” तो म्हणाला. “लोक नदी ओलांडतात. कोणी नदी हलवतं का?”

“आपण किती जण ओलांडणार, मातेलिनकाका? मी एकाला नेलं. उद्या तुमची पाळी आली तर कोण नेईल? नावही उरली नाही. त्यापेक्षा नदीनंच आपल्याला ओलांडू दे.”

“माझ्या मळ्यातून?”

“तुमच्या मळ्यातून.”

“माझ्या आज्यानं लावलेल्या वेली आहेत त्या! आणि मला काय मिळणार त्याबदली?”

पेर्नेल म्हणाली, “दोन्ही हात.”

मातेलिन पुटपुटत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच आपल्या वेली उपटताना लोकांना दिसला. तो प्रत्येक वेलीला शिव्या देत होता, आणि पेर्नेललाही.

मग त्या हिवाळ्यात ग्राव्हेलमध्ये एक नवलच झालं, असं सांगतात. वेठीला आलेली माणसं गाणी म्हणत खणू लागली. सांगितलं त्याच्या दुप्पट रुंद, सांगितलं त्याच्या दुप्पट खोल. म्हाताऱ्या बायका टोपल्या वाहू लागल्या. गोंत्रां कारभाऱ्यानं विचारलं, एवढं खोल कशाला? पेर्नेलनं चिखलाचे हात कमरेवर ठेवून सांगितलं, “सरकारांचे मासे मोठे व्हायला नकोत?” कारभारी खूश झाला. माणसं शेवटी वळणावर आली, असं त्यानं गढीवर कळवलं. इकडे बाकीची मंडळी सरपणाच्या नावाखाली वाळुंजाच्या फोकांच्या जुड्या बांधत होती आणि जुन्या पात्राच्या काठी दगडांचे ढीग रचत होती.

मार्चमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं आणि ओरेत फुगली. तळ्यात पाणी सोडण्याचा मुहूर्त ठरला. पाहुण्यांना घेऊन बॅरन टेकडीच्या पायथ्याशी आला. लांबच्या मठातून पिंपांत भरून कार्प आणले होते. दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. बॅरननं स्वतः हात उंचावला आणि म्हणाला, “सोडा!”

वरच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी बांध फोडला. एक भोक नव्हे, सगळाच.

ओरेत आत शिरली. तळं भरलं, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या, पिंपं उपडी झाली. मग पाणी थांबेना. ते खालच्या कालव्याला लागलं, मातेलिनच्या मळ्यातून गरजत निघालं आणि बॅरनचे कार्प घेऊन दक्षिणेला पसार झालं. ओरेतमध्ये पुढे जे कार्प झाले ते त्यांचेच वंशज, असं गळ टाकणारे सांगतात. पाहुणे हसायचे थांबले. पण गावाच्या पलीकडच्या अंगाला त्याच वेळी सगळं हातचं जायची वेळ आली होती.

जुनं पात्र बंद होत नव्हतं. माणसं छातीइतक्या पाण्यात उभी राहून जुड्या रोवत होती, दगड लोटत होती. पण रचून ठेवलेले ढीग संपले तरी अर्धी नदी अजून जुन्याच वाटेनं चालली होती. नदी दोन्हीकडून वाहिली तर हद्द कुठली, यावर बॅरन जे म्हणेल ते खरं ठरणार. जुड्या सुटू लागल्या. एक माणूस वाहून जाता जाता वाचला. कोणीतरी ओरडलं, “दगड! दगड आणा!” आणि दगड कुठेच नव्हते.

पेर्नेल पाण्यातून बाहेर आली आणि धावत घरी गेली. दारात एक रुंद, झिजलेला दगडी उंबरा होता. याच उंबऱ्यावरून ती नवरी म्हणून आत आली होती आणि यावरूनच तिनं जोसरांला बाहेर काढलं होतं. तिनं पहार घातली. पहिल्यांदा तो हलला नाही. दुसऱ्यांदा मातेलिनचा हात पहारेवर आला.

“आधी मळा, आता उंबरा,” तो धापा टाकत म्हणाला. “उद्या छप्पर मागशील.”

“लागलं तर मागेन.”

दोघांनी तो दगड नदीपर्यंत लोळवत नेला. ते पाहून माणसं आपापल्या दारांकडे धावली. घराघराचा उंबरा निघाला. ओदोंनी चर्चचाही काढू दिला. उंबऱ्यांचे ते जाड, सपाट दगड एकावर एक बसले आणि पाणी अडलं. ओरेत क्षणभर घुटमळली, असं म्हणतात. मग ती सगळीच्या सगळी वळली. जुन्या पात्रात डबकी उरली, डबक्यांत उड्या मारणारे मासे, आणि पलीकडे जोसरांची कबर. आता तिथवर चालत जाता येत होतं. पण पेर्नेलला तेव्हा तिकडे जायला सवड नव्हती. ती गावातून उलट दिशेला, नव्या नदीकडे निघाली.

तिकडे बॅरन एमेरीला काय झालं ते कळलं होतं. तो घोड्यावर बसून पाण्याच्या कडेशी आला. मागे शिपाई होते. पाणी गढूळ होतं, वेगाचं होतं, पण घोड्याला अशक्य नव्हतं. अलीकडच्या काठावर सगळा गाव जमला, चिखलानं माखलेला, कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या हातात काहीच नाही. मधोमध पेर्नेल.

“बांध पुन्हा घाला,” बॅरन ओरडला. “नाहीतर एकेकाला इथेच टांगीन!”

पेर्नेलचे दात थंडीनं वाजत होते. भीती वाटत होती का? वाटत असणारच. तिनं आपला उजवा हात वर केला, पंजा उघडून, चिखल कोपरापर्यंत ओघळत.

“माझ्या घरचा हात हवा होता ना, सरकार?” ती म्हणाली. “हा घ्या. इथे आहे. ओरेत ओलांडून या आणि घेऊन जा.”

तिच्या शेजारी मातेलिननं हात वर केला. मग ओदोंनी. मग सगळ्यांनी. नुसते हात.

बॅरननं घोडा पाण्यात घातला. मागे वळून पाहिलं तर शिपाई काठावरच उभे. त्यांनीही लहानपणापासून दर सणाला ती शपथ ऐकली होती. तो एकटाच पुढे आला. पाणी घोड्याच्या पोटाला लागलं. अगदी मध्यावर आल्यावर त्याच्या उजव्या हातातला लगाम गळून पडला. त्यानं तो धरायचा प्रयत्न केला, बोटं मिटेनात. काही लोक म्हणतात, हात त्या क्षणी वाळला. फेलिसियँबाबा एवढंच म्हणतात, “मार्चमधल्या ओरेतमध्ये हात घालून बघा, म्हणजे काय होतं ते कळेल.” काही का असेना, बॅरननं त्या हाताकडे पाहिलं, काठावरच्या हातांकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं घोडा मागे फिरवला.

बिशपचे लोक आले, त्यांनी पाहणी केली आणि शपथ शपथच आहे असा निवाडा दिला. ग्राव्हेल देवाच्या बाजूला आलं. ‘मेलेला हात’ नदीपलीकडे राहिला.

नव्या नदीवर नवी नाव आली आणि ती अर्थात पेर्नेलच चालवू लागली. बॅरन सोडून सगळ्यांना ती नेत असे. असं सांगतात, की बऱ्याच वर्षांनी एका सकाळी गढीच्या काठावरून कोणीतरी हाक मारली. गोंत्रां होता. म्हातारा झालेला, खोकणारा, हातात एक गाठोडं. त्याच्याही गोठ्यात आता काही नव्हतं, आणि आपल्यानंतर दारात कोण येऊन उभं राहील हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पेर्नेलनं नाव काठाला लावली. तो आत बसला. तिनं वल्हं त्याच्या हातात दिलं.

“ओढा,” ती म्हणाली. “इकडे यायचं तर आपल्या हातानं यावं लागतं.”

मातेलिन मात्र मरेपर्यंत कुरकुरत राहिला, उपटलेल्या वेलींसारखी द्राक्षं पुन्हा झाली नाहीत म्हणून. त्याला दोन्ही हात छातीवर ठेवून पुरलं.

गढी पुढे ओस पडली, तिचे दगड लोकांनी गोठ्यांना लावले. ग्राव्हेलच्या जुन्या घरांना आजही उंबरा नाही. अंगणातली माती थेट घरात जाते. आणि दर मार्चमध्ये एका दुपारी सगळा गाव नव्या काठावर जमतो, टेकडीकडे तोंड करून उजवा हात वर करतो आणि तसाच काही वेळ उभा राहतो. भाषण नाही, बँड नाही.

गोष्ट इथे संपते असं पाहुण्यांना वाटतं. पण फेलिसियँबाबांचं अजून एक सांगायचं राहिलेलं असतं, आणि ते मात्र ‘म्हणे’ लावून सांगत नाहीत, कारण तिथे ते स्वतः होते.

काही वर्षांपूर्वी एक इंजिनिअर गावात आला. चांगला माणूस, नीटनेटका, आवाज मऊ. त्यानं गावच्या कचेरीत भिंतीवर नकाशा लावला. पुराचं पाणी लवकर निघून जावं म्हणून ओरेत सरळ करायची होती, जुन्या खळगीतून. नकाशावर निळी रेघ काढून तयार होती. लोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, “ज्यांचा विरोध असेल त्यांनी कृपया हात वर करावा.”

सगळे उजवे हात वर गेले. त्यानं मोजले, टिपून घेतले आणि मान हलवली. “आभारी आहे. आता खाली घ्या.”

कोणी खाली घेतले नाहीत. तो थांबला. पुन्हा म्हणाला. मग त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नकाशा काढला, गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसला. पूल ओलांडताना त्यानं आरशात पाहिलं असेल तर त्याला दिसलं असेल, माणसं कचेरीतून बाहेर काठावर आली होती आणि हात अजून वरच होते.

आजही ओरेत गावाच्या पाठीमागूनच वाहते. आणि ‘हात खाली’ हे शब्द ग्राव्हेलमध्ये कोणी कोणाला म्हणत नाही. शाळेत बाईसुद्धा नाही.